१००० किलो पिठात २०० ग्रॅम : गिरणीत पीठ फोर्टिफाय करण्याच्या नोंदी

पीठ फोर्टिफाय करायचं म्हणजे त्यात पोषक घटक मिसळायचे. लहान गिरणीत हे काम करायला घेणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. खर्च पैशांत लिहिलेला नाही, कारण भाव प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. किती किलो पीठ वाया गेलं आणि किती दिवस गेले, ते मात्र लिहिलं आहे.

२ फेब्रुवारी

आपल्याकडे काय आहे ते आधी मांडून घेतलं. ताशी २५० किलो दळणारी गिरणी, मग चाळण, चाळणीपुढे सव्वाचार मीटरचा स्क्रू कन्व्हेयर (फिरत्या स्क्रूने पीठ पुढे ढकलणारा), त्याच्या टोकाला चुंबक आणि शेवटी गोणी भरायचं तोंड. दळतो ते कोंड्यासकट पूर्ण गव्हाचं पीठ.

घालायचं आहे लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व. लोह का, हे रक्त कमी असलेली माणसं ज्या घरात आहेत त्यांना सांगायला नको. फोलिक आम्लाचं कारण मात्र गिरणीत सगळ्यांना बसवून सांगितलं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांतच मिटते. तेव्हा बाईला दिवस गेल्याचंही अनेकदा माहीत नसतं. गोळी सुरू होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते, म्हणून ते रोजच्या खाण्यात आधीपासून असायला हवं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ सालच्या चाचणीत, आधी असा दोष असलेलं मूल झालेल्या बायकांना फोलिक आम्ल दिल्यावर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. अमेरिकेत १९९८ पासून एनरिच्ड, म्हणजे पोषक घटक घातलेल्या, पिठात ते घालणं सक्तीचं आहे. आणि बी-१२ अशासाठी, की एकट्या फोलिक आम्लाने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण बी-१२ कमी असेल तर नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

५ फेब्रुवारी

किती घालायचं हे माणशी रोज किती पीठ खाल्लं जातं त्यावर ठरतं. नेहमीच्या ४० घरांत विचारलं. पहिल्यांदा महिन्याच्या गोणीला घरातल्या माणसांनी भागलं आणि माणशी रोज २६० ग्रॅम आलं. मग लक्षात आलं की अंगावर पिणारी बाळंही मी मोजली होती, आणि दिवसभर बाहेर जेवणारी माणसंही. ती वगळून पुन्हा हिशेब केला तर ३२० च्या आसपास आलं. या फरकाने शिफारशीच्या तक्त्यातली पूर्ण रांग बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या शिफारशीत ३०० ग्रॅमच्या वर खाणाऱ्यांसाठी लोह १५ पीपीएम, फोलिक आम्ल १ पीपीएम, बी-१२ ०.००८ पीपीएम असं आहे. १५० ते ३०० ग्रॅमसाठी तेच आकडे २०, १.३ आणि ०.०१ होतात. एक पीपीएम म्हणजे एका टनात एक ग्रॅम. गिरणीत मी पीपीएम म्हणतच नाही, 'टनाला इतके ग्रॅम' म्हणते. सगळ्यांना लगेच कळतं.

११ फेब्रुवारी

पहिली मोठी चूक. लोह कुठलं घ्यायचं याचा नीट विचार न करता इलेक्ट्रोलिटिक लोहाची भुकटी आणली. स्वस्त, पिठाचा रंग बदलत नाही, वास नाही. ते टनाला ४० ग्रॅम लागतं म्हणून ५०० किलोच्या दळणात २० ग्रॅम सोडली.

दळण संपल्यावर गिरणीतले काका नेहमीप्रमाणे चुंबक पुसायला गेले आणि त्यांनी मला हाक मारली. चुंबकाच्या दांड्यांवर राखाडी, मऊ, केसाळ थर बसला होता, मांजराच्या पाठीसारखा. ब्रशने झाडून कागदावर घेतला, पीठ फुंकरीने उडवलं आणि काट्यावर ठेवला. १२ ग्रॅम. घातलेल्यातलं निम्म्याहून जास्त लोह आम्हीच परत काढून घेतलं होतं.

कोणीतरी म्हणालं, चुंबक काढून ठेवू. नाही काढायचा. दळणात आलेला खिळा किंवा यंत्राचा तुकडा कोणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून तो आहे.

शिफारशीचा तक्ता पुन्हा वाचला तेव्हा कळलं की चुंबक नसता तरी ही निवड चुकलीच होती. कोंड्यातलं फायटेट लोहाला बांधून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. कोंड्यासकट पिठासाठी त्या तक्त्यात एकच लोह दिलेलं आहे, सोडियम आयर्न ईडीटीए. त्यातलं लोह फायटेटच्या तावडीत सापडत नाही. महाग आहे, पण कमी लागतं आणि चुंबकाला चिकटत नाही.

नुकसान : ५०० किलो पीठ साधं म्हणून विकलं, भुकटी वाया, नवा माल येईपर्यंत १६ दिवस.

२८ फेब्रुवारी

माल आला. सोडियम आयर्न ईडीटीएमध्ये लोह साधारण १३ टक्के असतं. म्हणजे टनाला १५ ग्रॅम लोह हवं तर हा पदार्थ ११५ ग्रॅम लागतो. त्यात फोलिक आम्ल एक ग्रॅमच्या किंचित वर, ०.१ टक्क्याचं बी-१२ आठ ग्रॅम, आणि उरलेली जागा भरायला वाहक. सगळं मिळून २०० ग्रॅम प्रीमिक्स, म्हणजे आधीच एकत्र केलेलं मिश्रण, एका टनाला. तयार प्रीमिक्सच घेतलं. बी-१२ चे मिलिग्रॅम गिरणीत बसून मोजायचा हट्ट कोणी करू नये.

दोनशे ग्रॅम म्हणजे दोन मुठी. टनभर पिठात. पुढचे तीन महिने याच प्रमाणाशी झुंजण्यात गेले.

२ मार्च

हाताने मिसळून पाहिलं. १०० किलो पीठ, २० ग्रॅम प्रीमिक्स, दोघांनी फावड्याने अर्धा तास खालीवर केलं. मग दहा ठिकाणचे नमुने घेऊन डागांची चाचणी केली.

ही चाचणी शिकून घ्याच. काचेवर चमचाभर पीठ पसरून सपाट दाबायचं. १० टक्के पोटॅशियम थायोसायनेट आणि २ नॉर्मल तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल समसमान मिसळून त्यावर थेंब सोडायचे. ईडीटीएतलं लोह फेरिक (लोहाच्या दोन रूपांपैकी एक, दुसरं फेरस) असल्यामुळे लाल डाग लगेच उठू लागतात. फेरस लोह असेल तर वरून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सोडावं लागतं. शेजारी काहीही न घातलेल्या पिठाची काच ठेवायचीच, नाहीतर कशाशी ताडून बघणार? हातमोजे आणि चष्मा घालून करा, आणि आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी नाही.

दहा काचा ओळीने मांडल्या. तीन काचांवर गोवराच्या पुरळासारखे दाट डाग. चारांवर तुरळक. उरलेल्या तीन काचा साध्या पिठासारख्याच, कोऱ्या. त्या कोऱ्या काचांकडे मी बराच वेळ बघत राहिले. अशा जागेची गोणी ज्या घरी गेली असती, त्या घराला आम्ही 'लोह आहे' असं सांगितलं असतं.

आणखी एक चूक याच दिवशी सापडली. वापरला होता स्वयंपाकघरातला काटा, एक-एक ग्रॅमने सरकणारा. २० ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक म्हणजे ५ टक्के गेले. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घेतला.

९ मार्च

गिरणी ताशी २५० किलो दळते, म्हणजे प्रीमिक्स तासाला ५० ग्रॅम पडायला हवं, मिनिटाला जेमतेम ०.८ ग्रॅम. आमच्या आवाक्यातला कुठलाच फीडर (पूड मोजून सोडणारं यंत्र) इतकं कमी सलगपणे टाकत नाही, थांबून थांबून ढेकळं टाकतो. म्हणून आधी प्रीमिक्स पिठातच पातळ करायचं ठरवलं, एकास एकोणीस. त्याला आम्ही 'विरजण' म्हणायला लागलो. विरजण टनाला ४ किलो लागतं, मिनिटाला १६.७ ग्रॅम. हे फीडरला जमतं.

विरजण लावताना एक किलो प्रीमिक्स एकदम १९ किलो पिठात टाकायचं नाही. १ किलोत १ किलो पीठ, झाले २. त्यात २, झाले ४. मग ४, मग ८, शेवटी ४ घालून २० किलो. प्रत्येक वेळी साधारण तेवढ्यालाच तेवढं. वीस किलोत पाच टन पीठ निघतं.

पहिल्या खेपेला रिबन ब्लेंडर (आत फिरत्या पट्ट्या असलेलं मिसळण्याचं यंत्र) गळ्यापर्यंत भरला होता. रिबनच्या वर राहिलेला थर नुसता बसून राहिला, हललाच नाही. आता रिबनची वरची कड दिसेल एवढंच भरतो.

१४ मार्च

फीडर बसवला तो चुकीच्या जागी, कन्व्हेयरच्या शेवटच्या टोकाला, कारण तिथे उभं राहायला जागा होती. चाचणीत एकाच गोणीतल्या एका नमुन्यात डागांची गर्दी, दुसऱ्यात काही नाही. मिसळायला अंतरच उरलं नव्हतं. उचलून चाळणीजवळ नेला, आता त्याच्यापुढे साडेतीन मीटर स्क्रू फिरतो. कंस पुन्हा वेल्ड करण्यात दोन दिवस गेले. डाग सारखे यायला लागले.

१७ मार्च

फीडरखाली वाटी धरून एक-एक मिनिटाची दहा वजनं घेतली. सगळ्यात कमी १४.१, सगळ्यात जास्त १९.८. कारण हॉपरमधली, म्हणजे फीडरवरच्या भरायच्या पेटीतली, पातळी. भरलेला असताना वजनाने जास्त ढकललं जातं, तळाला गेल्यावर कमी. हॉपरवर आतून एक-तृतीयांशला लाल रेघ मारली, त्याखाली जाऊ द्यायचा नाही. त्यानंतर दहाही वजनं १६ ते १७.५ मध्ये. रोज सकाळी सुरू करताना तीन वजनं घेऊन वहीत लिहायची, असं ठरलं.

२६ मार्च

चाळण तुंबली, दळण १२ मिनिटं बंद होतं, पण फीडर चालूच राहिला. दोनशे ग्रॅम विरजण एकाच जागी साचलं, म्हणजे ५० किलोचा वाटा. दळण सुरू झाल्यावर ते सगळं पहिल्या गोणीत उतरलं. चार गोण्या बाजूला काढल्या. फीडरची वीज आता कन्व्हेयरच्या मोटरच्या स्टार्टरवरून घेतली आहे आणि पीठ येत नसेल तर थांबवणारी पट्टीही लावली आहे. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

८ एप्रिल

लॅबचा रिपोर्ट आला : लोह ४९ पीपीएम. घातलं १५, सापडलं ४९. माझे हातपाय गार पडले. तीन पट पडतंय असं समजून दळण थांबवलं, फीडर उघडला, सगळी वजनं पुन्हा केली. सगळं बरोबर. नऊ दिवस असे गेले.

गव्हात मुळातच लोह असतं, आणि कोंड्यासकट पिठात ते ३०-४० पीपीएमपर्यंत सहज भरतं. लॅब एकूण लोह मोजते, आपण घातलेलं वेगळं सांगत नाही. मी साध्या पिठाचा नमुना सोबत पाठवलाच नव्हता. पाठवला, तो ३४ आला. ४९ वजा ३४, बरोबर १५. गव्हाची खेप बदलली की साध्या पिठाचा नमुना पुन्हा पाठवायचा.

मग मुळातच ३४ आहे तर आणखी कशाला, हा प्रश्न गिरणीत निघालाच. उत्तर फायटेटचंच. ते ३४ पिठात आहे, पण त्यातलं रक्तापर्यंत फार थोडं पोचतं.

१९ एप्रिल

सकाळच्या वजनात २५ ग्रॅम आलं. फीडरचा वेग ठरवणारा काटा चारवरून सहावर होता. रात्रपाळीच्या मुलाने फिरवला होता. मी विचारल्यावर त्याने लपवलं नाही. म्हणाला, "ताई, चांगलंच आहे ना ते? माझ्या बहिणीलाही रक्त कमी सांगितलंय. म्हटलं थोडं जास्त जाऊ दे."

त्याला रागावणं मला जमलं नाही. बसवून सांगितलं. थॅलेसेमियासारख्या आजारात शरीरात लोह आधीच साचतं, त्यांना जास्तीचं लोह घातक ठरतं. मोठ्या माणसाला घातलेल्या फोलिक आम्लाची दिवसाची वरची मर्यादा १ मिलिग्रॅम धरतात, आणि आपलं पीठ खाणारा गोळीही घेत असेल हे आपल्याला दिसत नसतं. आपण औषध देत नाही, सगळ्यांना चालेल एवढंच घालतो. बहिणीला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमित घ्यायला सांग, पीठ त्या गोळ्यांच्या जागी नाही. काट्यावर झाकण बसवून कुलूप लावलं. सकाळचं वजन आता तोच घेतो आणि सगळ्यांत नेटकं लिहितो.

रात्रीच्या २२ गोण्या तिप्पट साध्या पिठात मिसळून, लेबल न लावता विकल्या.

६ मे

ही नोंद सविस्तर लिहिते, कारण चाचणीने न सापडलेली चूक वहीने पकडली.

हवा दमट झाली आहे. काल संध्याकाळी हिशेब जुळवताना हॉपरमधलं उरलेलं विरजण मोजलं. दिवसात १,७५० किलो दळण, म्हणजे ७ किलो विरजण संपायला हवं. संपलं होतं ५ किलो. दोन किलो जास्त शिल्लक.

काका म्हणाले, मोजताना चूक झाली असेल. पुन्हा मोजलं, तेवढंच. सकाळची तीन वजनं चोख होती. दुपारी बाराचा आणि चारचा नमुना, दोन्हींवर डाग व्यवस्थित. मग दोन किलो उरलं कसं?

आज हॉपरपाशी उभी राहिले. अकराच्या सुमारास फीडरचा स्क्रू फिरत होता, आवाज नेहमीचाच, पण खाली काही पडत नव्हतं. वरून बघितलं तर हॉपर भरलेला. बाजूने हात घातला तेव्हा कळलं : तळाशी विरजणाची कमान धरली होती. वर पीठ, मध्ये अंड्याच्या कवचासारखी घट्ट कमान, आणि तिच्याखाली स्क्रू मोकळ्या हवेत फिरतोय. टिचकी मारली, कमान ढासळली, पडायला लागलं. काल हेच झालं असणार, दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात, आणि गोणी लावताना कोणाचा तरी धक्का लागून ती आपोआप सुटली असणार.

दोन किलो विरजण म्हणजे ५०० किलो पीठ, म्हणजे दोन तास. बारा ते चारच्या मधले कुठले तरी दोन तास. त्या चार तासांच्या चाळीस गोण्यांतल्या सव्वीस अजून गोदामात होत्या. प्रत्येकीचा नमुना काढला, रात्री दहापर्यंत काचा मांडून बसलो. चौदा कोऱ्या निघाल्या. बाकीच्या चौदा गोण्या गेलेल्या आहेत. ज्यांनी नेल्या त्यांना फोन करून सांगितलं की या पिठात जे लिहिलंय ते नसू शकतं, पीठ खायला चांगलं आहे, बदलून हवं तर या. चार जण आले.

उपाय : हॉपरमध्ये सावकाश फिरणारी ढवळणी बसवली. विरजण एका दिवसापुरतंच भरायचं, रात्री हॉपर रिकामा करून झाकायचा. नमुना तासाला एक. आणि शिल्लक दिवसातून एकदा नाही, तीनदा मोजायची.

२३ मे

फोलिक आम्ल काचेवर दिसत नाही, त्याला लॅबच लागते. एका नमुन्यात ते ०.६ आलं, १ च्या जागी. लोह मात्र बरोबर. म्हणजे फीडर बरोबर होता, प्रीमिक्सचंच काहीतरी बिघडलं होतं. शोधलं तर चालू पिशवीतलं प्रीमिक्स 'किती उरलंय ते दिसावं' म्हणून पारदर्शक बरणीत काढून खिडकीत ठेवलेलं, सहा आठवडे. फोलिक आम्लाला प्रकाश सोसत नाही. न उघडलेल्या पिशवीतल्या प्रीमिक्सपासून केलेल्या पिठात ०.९५ आलं, म्हणून कारण हेच धरते आहे. बरणीतलं साडेतीन किलो टाकून दिलं. साडेसतरा टन पिठाचं प्रीमिक्स होतं ते. आता मूळ पिशवी, तोंड बांधून, झाकणाच्या डब्यात, थंड अंधाऱ्या खोलीत. उघडल्याची तारीख पिशवीवर.

३० मे

चव. साधं आणि प्रीमिक्स घातलेलं पीठ मळून भाजलं, आणि तीन-तीन वाट्यांत दोन सारखे आणि एक वेगळा नमुना, असं १८ जणांना दिलं. वेगळा ओळखणारे सात. नुसत्या अंदाजानेही सहा जण बरोबर निघतात. फरक लागत नाही असं मी धरते.

मार्चपासून तीन डबे उबदार खोलीत ठेवले होते. साधं पीठ, ईडीटीएचं, आणि तुलनेसाठी फेरस सल्फेटचं. सहाव्या आठवड्यातच फेरस सल्फेटच्या डब्याचं झाकण काढल्यावर खवट वास आला होता. गव्हाच्या अंकुरातलं तेल त्या लोहाने लवकर खराब होतं. इतर दोन डबे आजही सारखेच आहेत. लवकर संपणाऱ्या मैद्यात फेरस सल्फेट चालतं, आमच्या पिठात नाही.

१४ जून

महिन्याचा ताळा. दळण ४१,२०० किलो, विरजण लागायला हवं १६४.८ किलो, लागलं १६१.३. तूट २ टक्क्यांच्या थोडी वर. तासाच्या नमुन्यांपैकी कोरी काच एकही नाही. रोजच्या कामात भर म्हणाल तर सकाळी २० मिनिटं, शिल्लक मोजायला तीन वेळा पाच-पाच मिनिटं, आणि तासाच्या काचा. आठवड्यातून एक सकाळ विरजणाला.

राहिलेलं काम : गोणीवरचं लेबल. घातलेलं लोह आणि एकूण लोह हे दोन्ही आकडे वेगळे छापायचे आहेत, आणि थॅलेसेमिया असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावं, हे बारीक अक्षरात नाही तर वजनाच्या आकड्याएवढ्या अक्षरात. छापखान्याकडून आलेला पहिला नमुना बारीक अक्षरांचा होता. परत पाठवला आहे.